सातव्या जुजातलं नववं पान

४ फेब्रुवारी

टाचण्या,

फोन करत नाही, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलंच तर 'आवाज तुटतोय' म्हणून लगेच ठेवून देतोस. कागदाचा आवाज तुटत नाही, म्हणून पत्र.

तुझी तब्येत बरी असणारच. निवृत्त माणसाची तब्येत बिघडायला कारण काय? लेकीच्या घरी आयतं ताट आणि नातीला शाळेत सोडणं एवढंच काम. माझं म्हणशील तर मीही मजेत आहे. माझ्या घरातून रस्ता जाणार आहे.

काल इस्त्रीवाल्यांनी विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं. वर, जिराफाला सोयीचं पडेल अशा उंचीवर, नगरपालिकेची नोटीस डकवलेली. समोरचे मास्तर (कवायत शिकवायचे ते, अजून छाती पुढे काढूनच चालतात) स्टुलावर चढले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. आपली गल्ली आजवर 'निवासी' होती, ती आता 'व्यापारी' होणार. रस्ता सहा मीटरचा अठरा मीटर होणार. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत कळवा. नोटिशीवरची तारीख सात जानेवारी, म्हणजे आमच्या वाट्याला उरले तीन दिवस. नगरपालिकेला आमची केवढी काळजी! तीस दिवस विचार करून डोकी शिणतील म्हणून सत्तावीस त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतले.

मी आणि पलीकडच्या नर्सबाई नकाशा बघायला गेलो. नकाशा कपाटात आहे, कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे आणि साहेब बाहेरगावी आहेत. का, तर 'पारदर्शक कारभार' या विषयावर शिबिर आहे. मी हसले नाही, नर्सबाईंनी माझा दंड धरला होता.

नकाशाची तशी गरजही उरली नाही. आज सकाळी एक माणूस फीत आणि लाल रंग घेऊन आला आणि माझ्या उंबऱ्याच्या आत, कटिंग मशीनच्या पायाशी, फुली मारून गेला. बाबांनी घेतलेलं मशीन. बाबांची खोली, बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान, वर माझं घर. सगळं फुलीच्या त्या बाजूला.

तू चौतीस वर्षं त्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलीस. यातला कोणता कागद मागायचा असतो, तेवढं सांग.

ताई

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. गुडघा बरा आहे, तू विचारला नाहीस तरी सांगतो.

हे पाहा, अशा बाबतीत डोकं शांत ठेवावं. हरकत साध्या भाषेत, एका पानात लिहावी. त्यात 'जिराफ' वगैरे शब्द नसावेत. नाव, पत्ता, सही स्पष्ट असावी. दोन प्रती घ्याव्यात. ऑफिसातली माणसं वाईट नसतात, त्यांना कामाचा ताण असतो. आणि व्यापारी पट्टा झाला तर जागेला भावही येतो, याही बाजूने विचार करावा.

कागदाचं म्हणशील तर नकाशा मागा, मोजणीचा तक्ता मागा. सभेच्या ठरावांचं बुक मात्र मागत बसू नका. त्यात फार वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. हे अनुभवाने सांगतो.

मी आता निवृत्त माणूस. ऑफिसात माझं कोणी ऐकणार नाही. नात तुझी आठवण काढते.

तुझा भाऊ

२ मार्च

टाचण्या,

तुझं पत्र येईपर्यंत मुदत संपून गेली होती, पण सल्ला मोलाचा होता, म्हणून जपून ठेवलाय. जागेला भाव येतो हे मी इस्त्रीवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, जागा त्यांची नाहीच, ओटा फक्त त्यांचा आहे. त्याला काय भाव येईल ते विचारून ठेव.

आम्ही तीन दिवसांत एकशे बारा हरकती दिल्या. मास्तरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाच्या प्रतीवर आवकेचा शिक्का मारून घेतला. शिक्का मारणाऱ्याचा हात दुखायला लागला तेव्हा नर्सबाईंनी त्याला मलम दिलं आणि पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांनी ऑफिसचं उत्तर आलं: 'सदर प्रकरणी एकूण नऊ हरकती प्राप्त झाल्या आहेत.' बाकीच्या एकशे तीन बहुधा साहेबांबरोबर शिबिराला गेल्या असाव्यात.

आपले नगरसेवकही येऊन गेले. हात जोडून म्हणाले, "मी तुमच्याच बाजूनं आहे हो, पण ठराव तर मागच्या वर्षीच एकमतानं झालाय." नर्सबाईंनी विचारलं, "त्या एकमतात तुमचं मत होतं का?" ते म्हणाले, त्या दिवशी काय काय झालं ते आता नीट आठवत नाही. बिचारे. पाच वर्षांतून एकदाच त्यांना सगळ्यांची नावं आठवतात.

तेव्हा आम्ही नेमकं तू नको म्हणालास तेच केलं. ठरावाचं बुक बघायला मागितलं. माहितीच्या अर्जाला पहिलं उत्तर आलं की सर्व माहिती वेबसाइटवर आहे. वेबसाइटवर एक फावडं घेतलेला माणूस आहे आणि 'काम चालू आहे' असं लिहिलंय. दुसऱ्या अर्जाला मात्र तारीख मिळाली: ११ मार्च, सकाळी अकरा ते बारा.

मी स्वतःच जाणार. त्यांची सगळी बुकं बावीस वर्षं मीच बांधतेय, तूच ते काम मिळवून दिलं होतंस. पानांवर आकडे मारून देऊ का, असं मी दर वर्षी विचारते आणि दर वर्षी 'आवश्यकता नाही' असं उत्तर येतं. माझ्या हातचं काम मला पाहुण्यासारखं बघायला मिळणार, त्याचीच गंमत वाटतेय.

ताई

६ मार्च

प्रिय ताई,

घाईत लिहितो. ११ तारखेला तू जाऊ नकोस. मास्तरांना पाठव. तुला डोळ्यांचा त्रास आहे, रेकॉर्ड रूममध्ये उजेड कमी असतो, धूळ असते. शिवाय तू बोलताना कोणाचा मुलाहिजा ठेवत नाहीस.

त्यापेक्षा इकडे ये. लेक म्हणते, आत्याला महिनाभर तरी बोलवा. इथे हवा चांगली आहे. तिकीट काढून पाठवू का? ९ तारखेचं मिळेल.

तुझा भाऊ

१२ मार्च

टाचण्या,

हवा इथेही चांगली आहे. काल सकाळी तर फारच स्वच्छ होती, सगळं दिसलं.

तुझ्या जागेवर आता एक तरुण मुलगी बसते. तिनं बुक आणून दिलं, मास्तरांना खुर्ची दिली आणि समोर बसून आमच्यावर नजर ठेवली. चांगली मुलगी आहे, तिला वाटलं आम्ही पान फाडू.

मास्तर ठराव वाचायला लागले. मी वाचत नाही, तुला ठाऊक आहे. मी बुक उभं धरलं, पाठ बघितली, मग एकेक जुज बोटानं मोजत गेले. चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की आठ पानांचं एक जुज होतं. आठ होतात, सहा होतात, दहा होतात. नऊ होत नाहीत. दुमडलेल्या कागदाला दोन टोकं असतात, हे नगरपालिकेला ठराव करूनही बदलता येणार नाही. सातव्या जुजात नऊ पानं होती. शिवण माझीच, एप्रिलमध्ये घातलेली, आठ पानांवरून गेलेली. नववं पान शिवणीत नव्हतंच. ते शेजारच्या पानाला कडेनं चिकटवलं होतं. ठराव क्रमांक सत्तेचाळीस-अ. आपली गल्ली.

काम मात्र सुरेख होतं. शाबासकीच द्यायला हवी. पानाची कड कापलेली नव्हती, ओली करून फाडलेली होती, म्हणजे जोड बोटाला लागत नाही. खळीत मोरचूद होता, कीड लागू नये म्हणून. कडेला अगदी पुसटसा निळा रंग उतरला होता. बाजारचा गोंद लावणाऱ्या माणसाला हे सुचायचं नाही. या गावात कड ओली करून फाडणारी आणि खळीत मोरचूद घालणारी माणसं तीन होती. एक वारले. एक मी.

मास्तरांनी विचारलं, "काही सापडलं का हो?" मी म्हटलं, "नाही." वहीत 'पाहिले' असं लिहून सही केली आणि घरी आले. एकशे बारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी खोटं बोलले. मास्तरांनी माझ्यासाठी छत्री धरली, ऊन लागू नये म्हणून.

तुझ्या गुडघ्याची चौकशी करायची पुन्हा राहिली. आता सगळं सांग.

ताई

२१ मार्च

प्रिय ताई,

तीन पत्रं लिहून फाडली. ही चौथी.

पान मी लावलं. गेल्या जुलैत, निवृत्तीला महिना उरला होता तेव्हा. साहेब स्वतः खाली रेकॉर्ड रूममध्ये आले. चौतीस वर्षांत साहेब म्हणून कोणी त्या जिन्यानं खाली उतरलं नव्हतं. म्हणाले, एक ठराव सभेत झालाय, पण लिहिणाऱ्याकडून बुकात घालायचा राहिलाय. पुन्हा सगळं उसवायला नको. मग म्हणाले, "या अख्ख्या ऑफिसात असं नाजूक काम एकाच माणसाला जमेल."

तू हसशील. हस. आपल्या घरात मला असं कोणीच म्हटलं नव्हतं. बाबा तुझ्या हाताचं कौतुक करायचे आणि माझ्या हातातून दाभण काढून घ्यायचे. 'तू आपला नोकरी बघ,' म्हणायचे. मी बघितली. त्या दिवशी घरी जाऊन खळ शिजवली. दोन वेळा फुकट गेली, तिसऱ्यांदा बाबांसारखी जमली. पान लावून झाल्यावर साहेबांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "वा." मी तो 'वा' घेऊन निवृत्त झालो.

आता तू विचारशील की मी ते पान वाचलं नाही का. नाही वाचलं, ताई. शपथेवर सांगतो. बाबांनी लहानपणापासून काय शिकवलं? वाचत बसला तो बांधणार कधी? कोणाचाही कागद असो, डोळा कडेवर ठेवायचा, मजकुरावर नाही. मी कडच बघत होतो. त्यात आपली गल्ली आहे, तुझं घर आहे, हे मला तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा कळलं.

त्यानंतर मी जे जे लिहिलं ते घाबरून लिहिलं. चौकशी लागली तर पेन्शन जाईल. लेकीला सांगितलेलं नाही. जावयासमोर काय तोंड दाखवू? तूच सांग मी काय करावं. तू म्हणशील तसं करीन, फक्त माझं नाव घ्यायला सांगू नकोस.

तुझा भाऊ

२६ मार्च

टाचण्या,

हसले नाही. बुकं दाबायचा शिकंजा घट्ट करत होते, हातातलं काम सोडून खाली बसले.

बाबांची ती शिकवण मीही पाळली. बावीस वर्षं या गावाचा सगळा कारभार माझ्या मांडीवरून गेला. कोणाचं पाणी कुठे वळवलं, कोणाची जागा कोणाला दिली, सगळं माझ्या हाताखाली होतं आणि मी शिवण सरळ येते की नाही ते बघत होते. पारदर्शक कारभार मागायला मी कोणत्या तोंडानं गेले कोण जाणे. ते दाखवत नव्हते, हे खरं. पण मला दर एप्रिलला घरपोच मिळत होतं.

आठ एप्रिलला सुनावणी आहे. वरून एक अधिकारी बाई येणार आहेत. मी तिथं उभी राहून सांगणार आहे की हे पान मागाहून लावलंय. त्या विचारतील, कोणी? त्याचं उत्तर मी अजून ठरवलेलं नाही. तुला आधी कळवतेय, कारण नोटीस खांबावर लावून सत्तावीस दिवसांनी दाखवायची आपल्या घरात पद्धत नाही.

तू सांगशील तसं करीन, असं लिहितोस. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलं तसंच केलंस. मी काही सांगणार नाही.

ताई

१० एप्रिल

प्रिय ताई,

तू आली नाहीस.

मी सात वाजताच्या बसनं आलो आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसलो. मास्तरांना विचारलं. म्हणाले, "तुमच्या ताईंना ताप आहे." चाळीस वर्षांत तुला ताप आल्याचं मी ऐकलेलं नाही. मला वाटलं होतं, तू उभी राहशील, बोलशील, आणि मी मागे बसून मान खाली घालीन. तेवढीच तयारी करून आलो होतो.

सुनावणी झकास चालली होती. साहेबांनी नऊ हरकतींचं वाचन केलं. मास्तरांनी शिक्के मारलेल्या एकशे बारा प्रती टेबलावर ठेवल्या. साहेब म्हणाले, शिक्का खरा असला तरी तो 'मिळाल्याचा' आहे, 'विचारात घेतल्याचा' नाही. अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. मग साहेबांनी ठरावाचं बुक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "लोकांच्या प्रतिनिधींनी एकमतानं केलेला ठराव आहे, बाई. याच्यापुढे आपण कोण?" बाईंनी विचारलं, कोणाला आणखी काही सांगायचंय का. नर्सबाई बोलल्या, इस्त्रीवाले बोलायला उठले आणि रडू आलं म्हणून खाली बसले. मग कोणीच उठेना.

मी उठलो. कसा, ते विचारू नकोस. म्हटलं, "ते पान मी चिकटवलंय. सभेनंतर पाच महिन्यांनी."

साहेब हसले. म्हणाले, "हे आमचे जुने कर्मचारी. वय झालंय." बाईंनी विचारलं, "तुमच्या सांगण्यापलीकडे काही पुरावा आहे?" मी म्हटलं, पाच मिनिटं द्या आणि थोडं पाणी द्या. बाईंनी हो म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. घड्याळाकडे बघितलं. पाणी साहेबांच्याच ग्लासात होतं. मी त्यात रुमाल भिजवला, पिळला आणि जोडावर ठेवला. सगळं सभागृह एका ओल्या रुमालाकडे बघत बसलं होतं. बाबा म्हणायचे ना, बाजारचा गोंद कायमचा बसतो, आपली खळ पाण्यानं सुटलीच पाहिजे, कारण चूक प्रत्येकाची होते. पाच मिनिटांनी मी पानाचा कोपरा धरला. ते अलगद हातात आलं. शेजारच्या पानाला ओरखडासुद्धा नाही.

साहेब ओरडले, "सरकारी दस्तऐवजात फेरफार!" मी म्हटलं, "हो साहेब. दुसऱ्यांदा."

लोक हसले. मला हसू आलं नाही. बाईंनी ते पान कागदात घालून स्वतःच्या बॅगेत ठेवलं, माझा जबाब लिहून घेतला आणि सही घेतली. सही करताना मी जबाब वाचून बघितला. दोन वेळा.

मग गल्लीत आलो. तुझ्या दारापर्यंत. आतून मशीनचा आवाज येत होता, तापात कोणी पुठ्ठे कापत नाही. कडी वाजवायला हात उचलला, पण धीर झाला नाही. तीनच्या बसनं परत आलो. लेकीला सगळं सांगितलं. तिनं जेवायला वाढलं. जावई म्हणाले, "बाबा, वकील माझ्या ओळखीचा आहे." मी उगाच त्यांना घाबरत होतो.

तू का आली नाहीस?

तुझा भाऊ

१४ मे

टाचण्या,

महिनाभर उत्तर लिहिलं नाही, कारण खरं लिहायचं होतं आणि ते लाजिरवाणं आहे.

त्या दिवशी मी साडी नेसून, चपला घालून दारात उभी होते. बाई विचारतील 'कोणी?' आणि मला नाव सांगावं लागेल, तिथेच सगळं अडलं. मग चपला काढल्या. मास्तरांना ताप सांगितला आणि विनाकारण पुठ्ठे कापत बसले. अख्खी गल्ली पणाला लागली होती आणि मी तुला वाचवत बसले. त्यातही तुला वाचवायला मी हवीच आहे, हा माझा जुना गर्व. आता मास्तरांना खरं सांगितलंय. ते ताठ उभे राहून म्हणाले, "चालायचंच," आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

ऑफिसचं पत्र आलंय: 'तांत्रिक कारणास्तव सदर प्रस्ताव तूर्त मागे घेण्यात येत आहे.' तांत्रिक कारण म्हणजे तू. मागे घेतला म्हणजे सोडला नाही, हे आम्हाला कळतं. साहेबांची बदली झाली, बढतीवर. त्यांना आता आणखी मोठ्या गावात पारदर्शक व्हायचंय.

यंदा बांधायची बुकं माझ्याकडे आली नाहीत, दुसऱ्याला दिली. त्याला स्टेपल मारायला सांगितलंय म्हणे. मग मी आणि नर्सबाई दर मंगळवारी अकरा ते बारा जुनी बुकं वाचायला जातो. ती मुलगी आता आम्हाला चहा देते. नऊ वर्षांपूर्वी आपल्या गल्लीत एक बाग झालेली आहे. बाकं सहा, कारंजं एक. आम्ही अजून शोधतोय.

तुझ्या चौकशीची तारीख एकवीस जून लागली आहे, हे तुला कळलंच असेल. मला साक्षीला बोलावलंय, पुस्तकबांधणीची जाणकार म्हणून. आदल्या दिवशी ये आणि सरळ वर ये. कडी वाजवायची गरज नाही, ढकललं की दार उघडतं. तुझ्या लेकीला आणि जावयालाही घेऊन ये.

मी काय सांगणार ते तुला आधीच कळवते. पान कोणी लावलं, असं विचारतील. सांगेन, माझ्या भावानं. ते कोणी काढलं, हे त्यांच्या प्रश्नांच्या यादीत नाही. मी यादी मागवून घेतली आहे. तेही सांगेन, आणि लिहून घेतल्याशिवाय सही करणार नाही.

ताई